गाडी बोलली नाही पाहिजे

गाडीत बसलं की डोक्याच्या वर, दाराच्या अंगाला एक हँडल असतं. घाटातलं वळण आलं की हात आपोआप तिकडे जातो, म्हातारी माणसं उतरताना त्याचाच आधार घेतात, आणि बाकीचा सगळा वेळ ते तिथे आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. मी गेली अठरा वर्षं ते हँडल करतोय. म्हणजे चाकणमधल्या एका व्हेंडर कंपनीत प्लास्टिक मोल्डिंगला आहे, क्वालिटीत, आणि गाडीच्या आतले जे बरेच पार्ट आमच्याकडे होतात त्यातला हा एक.

आमच्या शेडमध्ये दोन मशिनी शेजारी शेजारी आहेत. एकीवर साध्या हॅचबॅकचं हँडल पडतं, दुसरीवर चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीचं. प्लास्टिकचा दाणा जवळपास सारखाच, ऑपरेटर तेच, चहाची सुट्टीसुद्धा एकाच वेळी. पहिलं हँडल खाली ओढून सोडलं की स्प्रिंगच्या जोरावर खट्ट करून छताला आपटतं. दुसरं सोडलं की दमानं वर जातं, शेवटच्या बोटभर अंतरात आणखी हळू होतं आणि आवाज न करता जागेवर बसतं. फरक काय, तर दुसऱ्याच्या सांध्यात करंगळीच्या नखाएवढा एक डँपर आहे, आत घट्ट सिलिकॉन ग्रीस भरलेलं, ते ग्रीस स्प्रिंगला घाई करू देत नाही. आणखी एक फरक आहे तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात तिथे पार्टवर एक बारीक रेघ उठते, आम्ही तिला पार्टिंग लाईन म्हणतो. साध्या हँडलमध्ये ती रेघ बरोबर बोटांच्या पेरांखाली येते. महागड्यात ती मागच्या अंगाला ढकललेली असते, जिथे बोट पोचत नाही, आणि तेवढ्यासाठी मोल्डमध्ये एक जादा स्लायडर, म्हणजे सरकणारा भाग, घालावा लागतो, म्हणजे मोल्ड महाग, मेंटेनन्स जास्त, आणि तो स्लायडर अडकला की रात्रपाळीला सगळ्यांची पळापळ.

कुणीतरी कुठेतरी बसून हे ठरवलेलं असतं. ज्या माणसाचं तोंडही आपण कधी बघणार नाही त्याच्या बोटाला ही रेघ लागता कामा नये. माझ्यापुरता प्रीमियम ह्या शब्दाचा अर्थ तिथे सुरू होतो.

चाकणला कामाला आहे म्हटल्यावर नात्यातले, सोसायटीतले लोक मला हमखास विचारतात, अरे प्रीमियम गाडी म्हणजे नक्की काय असतं, आणि पैसे जमलेत तर घ्यावी का. फोनवर दोन वाक्यांत ह्याचं उत्तर देता येत नाही म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय. तसा हा शब्द आता फार झिजलाय. पेट्रोल प्रीमियम, चहा प्रीमियम, टू बीएचके प्रीमियम. २००८ ला आय-ट्वेंटी आली त्या सुमारास प्रीमियम हॅचबॅक हा शब्द आपल्याकडे रुळला, २०१५ ला मारुतीने महागड्या गाड्यांसाठी नेक्सा नावाची वेगळी शोरूमच काढली, आणि आता तर दहा लाखांच्या गाडीचा सेल्समनसुद्धा पहिलं वाक्य हेच बोलतो. सनरूफ आहे, मोठा स्क्रीन आहे, सीट थंड होते, रंगीत दिवे लागतात. ह्यातलं काहीही वाईट नाही. पण हे सगळं शोरूममध्ये दहा मिनिटांत दाखवता येतं. जे दहा मिनिटांत दाखवता येत नाही, चार तास बसल्यावर आणि चार वर्षं वापरल्यावर कळतं, त्याबद्दल मला बोलायचंय.

आणि ते मी कारखान्यात शिकलो नाही, आबांकडून शिकलो.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव पाटण तालुक्यात. आबांनी मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली, आणि त्यातली बहुतेक वर्षं परळला केईएमच्या बाहेरच्या स्टँडवर काढली. गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढे सलग सीट, आणि दाराच्या काचेपुढे ती छोटी तिकोनी काच जी फिरवली की वारा थेट छातीवर यायचा. सुट्टीत मी मुंबईला गेलो की त्या पुढच्या सीटवर आबांच्या शेजारी बसायचो. स्टँड हॉस्पिटलचा असल्यामुळे पॅसेंजरही तसेच असायचे. ऑपरेशन होऊन टाके ओले असलेली माणसं, मांडीला प्लास्टर, चार दिवसांचं बाळ घेतलेली बाई आणि तिच्याबरोबर तिची आई. त्यामुळे आबांना एक सवय लागली होती, खड्डा यायच्या आधीच ते गाडीचा वेग मारायचे, म्हणजे क्लच-ब्रेक इतका अलगद की मागच्याला कळायचंही नाही. दर रविवारी गाडीखाली शिरून पाट्यांना ग्रीस, जॉइंटना ग्रीस, दाराच्या बिजागरीला तेलाचा थेंब. पेशंटला कळ येते ती धक्क्यानं, पण जीव घाबरा होतो तो आवाजानं, असं त्यांचं म्हणणं. चांगली गाडी कुठली असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जी बोलत न्हाई ती. गाडी बोलली न्हाई पायजे. माणूस बसलं की त्याला त्याचं त्याचं काय हाय त्येचा इचार करता आला पायजे."

ह्याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुठल्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मिळालेली नाही.

आबांची दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. ते कुणाच्याही गाडीत झोपत नाहीत. ड्रायव्हर माणूस, दुसरा चालवत असला की त्यांचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जातो, तिथे नसलेल्या ब्रेकवर. एसटीत नाही, ट्रॅव्हल्समध्ये नाही, माझ्या गाडीत तर अजिबात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवलेली ती गाडी होती आणि वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा आबांनी पेपरातला तो फोटो कापून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला. बोलले काही नाहीत.

तर न बोलणारी गाडी. हे करणं किती अवघड असतं ते बाहेरून कळत नाही. इंजिनचा आवाज दाबणं त्यातल्या त्यात सोपं. तो दाबला की टायरचा आवाज वर येतो, तो दाबला की वाऱ्याचा, आणि तो दाबला की मग आतलं प्लास्टिक एकमेकांवर घासल्याची किरकिर ऐकू यायला लागते, जी आधी कुणाला ऐकूच येत नव्हती. म्हणजे गाडी जितकी शांत तितकी आमच्यासारख्या व्हेंडरची परीक्षा कडक. साध्या गाडीत जे हँडल पास होतं तेच शांत गाडीत बसवलं तर कस्टमर दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन उभा राहील.

टोयोटाने ८० च्या दशकात हेच मनावर घेतलं होतं. १९८३ ला त्यांच्या एजी टोयोडांनी जगातल्या सगळ्यात चांगल्या गाडीच्या तोडीची गाडी आपण करू शकतो का असा प्रश्न टाकला आणि १९८९ ला लेक्सस ह्या त्यांच्या नव्या महागड्या ब्रँडची पहिली एलएस ४०० बाहेर आली. तिची ती जाहिरात आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते. बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचलेला, मागची चाकं रोलरवर फुल स्पीडने फिरतायत, आणि ग्लासातला थेंब सांडत नाही. लोकांना वाटतं कमाल इंजिनची. इंजिनची आहेच, पण त्याहून जास्त त्या शेकडो सांध्यांची आहे ज्यांतला एकही ढिला नाही.

दाराचा आवाजही तसाच. महागड्या गाडीचं दार लागताना थप् असा भरीव आवाज येतो, स्वस्तातल्या गाडीचा पत्रा वाजतो. लोक म्हणतात पत्रा जाड असतो. पत्र्याचं तितकं नसतं, पत्र्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखे जड पट्टे चिकटवलेले असतात, ते त्याचा कंप मारतात, रबराचं बीडिंग एकाऐवजी दुहेरी असतं, आणि कुलपाच्या जिभेवर प्लास्टिकचं आवरण असतं. ग्लोव्ह बॉक्स उघडून आत बोट फिरवा, मखमलीसारखा थर लागेल, तो कशासाठी, तर आत टाकलेली चिल्लर वाजू नये म्हणून. पाच रुपयांचं नाणं वाजू नये ह्यासाठी कुणीतरी एक वेगळी प्रोसेस लावली आहे, मला हे फार मोठं वाटतं, खरंच वाटतं.

आणि लांबून ओळखायची असेल तर एक खूण सांगतो. पुढचं चाक आणि पुढचं दार ह्यांच्यामधलं अंतर बघा. साध्या गाडीत इंजिन आडवं असतं, पुढची चाकं ओढतात, त्यामुळे चाक दाराला जवळजवळ खेटून असतं. ज्या गाडीत इंजिन उभं बसवलंय आणि मागची चाकं ढकलतात, जशी बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज किंवा मर्सिडीजची सी क्लास, तिच्यात ते अंतर चांगलं वीतभर जास्त असतं. ते खोट्या क्रोमने करता येत नाही. पुढचं वजन मागे सरकतं, गाडी वळणात नाक खुपसत नाही, बसलेला माणूस दोन चाकांच्या मध्ये जास्त नीट येतो. डोळ्याला नुसतं ऐटबाज वाटतं, कारण माहीत नसलं तरी.

आता माझी गोष्ट. २०२० च्या शेवटी आबांच्या कमरेने घेतलं. एल-फोर एल-फाईव्ह, म्हणजे कमरेतले खालचे मणके, तीस वर्षं त्या सलग सीटवर बसल्याचं देणं. गाव तर सुटत नाही, थोडी जमीन आहे, घर आहे, आईची समाधी आहे, दीड महिन्याने जायचंच. मोशीपासून आमचं गाव पावणेदोनशे किलोमीटर. माझ्याकडे तेव्हा छोटी हॅचबॅक होती. खंबाटकी उतरलो की आबा गप्प व्हायचे, सुरूरच्या पुढे गाडी बाजूला घ्यायला सांगायचे आणि उतरून टपावर दोन्ही हात टेकून उभे राहायचे. मान खाली. ट्रक जवळून जायचे आणि हा माणूस तसाच उभा. उंब्रजला वळेपर्यंत असं तीनदा. तिसऱ्या वेळी मला बघवायचं नाही.

तर २०२१ ला मी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून सहा वर्षं वापरलेली जर्मन सेडान घेतली, डिझेल, ५८,००० किलोमीटर चाललेली. कुठली ते मुद्दाम सांगत नाही, पुढे तक्रारी आहेत. डॉक्टरांना नवीन ऑन-रोड बेचाळीस लाखांना पडली होती, मला सोळाला दिली. सहा वर्षांत सव्वीस लाख गेले, ती झीज त्यांनी सोसली म्हणून माझ्यासारख्याच्या हाताला ती गाडी लागली, हे मी विसरत नाही.

आता हिशोब, कारण ह्यावर कुणी खरं बोलत नाही. चार वर्षांत ४८,००० किलोमीटर झाले. इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर, दुरुस्त्या मिळून सव्वासहा लाख. म्हणजे महिन्याला तेरा हजार, किलोमीटरला पण तेरा रुपये, डिझेल वेगळं. आज विकायला काढली तर फार तर आठ येतील, म्हणजे ते आठ लाखही गेलेच. सगळं धरून किलोमीटरला तीस रुपयांच्या घरात जातं. एवढ्यात आबांना दर खेपेला चांगली एसी टॅक्सी करून दिली असती तरी पैसे उरले असते. ज्यांना निव्वळ पैशाचं उत्तर हवंय त्यांच्यासाठी उत्तर इथेच संपलं, नका घेऊ.

त्यात तीन प्रसंग असे की जीव मेटाकुटीला आला. पहिला, पावसाळ्यात शिरवळच्या अलीकडे खड्ड्यात टायर गेला आणि बाजूला टेंगूळ आलं. रन-फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा, त्यामुळे स्टेपनी नाही, बूटमध्ये नुसती रिकामी जागा. एक टायर एकवीस हजार. दुसरा, कऱ्हाडच्या पुढे कूलंट गळून गाडी तापली आणि आबांसकट चार तास रस्त्याच्या कडेला, तो पार्ट यायला मग नऊ दिवस. तिसरा प्रसंग माणसांचा, पुण्यातल्या एका वर्कशॉपने पुढच्या सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गेलेत म्हणून चाक धरणारे अख्खे आर्म बदलायचं दोन लाख दहा हजारांचं इस्टिमेट दिलं. मी मोल्डिंगवाला, रबर आणि प्लास्टिक मला कळतं, मी म्हटलं जुने आर्म दाखवा, तर दाखवेनात. शेवटी भोसरीतल्या एका मिस्त्रीने अठ्ठ्याहत्तर हजारांत तेच काम केलं, खोलून, समोर ठेवून, कुठला फाटलाय कुठला चांगलाय ते सांगून. महाग गाडीचा मालक म्हणजे त्याला विचारायचा हक्क नाही, पैशाचं काय विचारता साहेब, असा एक सूर असतो त्या काचेच्या ऑफिसांमध्ये. मला तो फार लागला. कारण आबा प्रत्येक पॅसेंजरला मीटर उतरल्यावर कार्ड दाखवून भाडं समजावून सांगायचे.

नवीन घेणाऱ्याने अजून एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर सरळ ४० टक्के. म्हणजे साठ लाखांच्या एक्स-शोरूम किमतीत सतरा लाखांच्या वर जीएसटीच आहे. त्यावर आपल्या महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. पेट्रोलचं धरलं तरी जवळपास आठ लाख. पंचवीस लाख सरकारला दिले, त्यात एक नट-बोल्टसुद्धा आपल्याला मिळाला नाही. कर भरू नये असं म्हणत नाही, रस्ते त्यातूनच व्हायचेत, पण साठ लाखांची गाडी म्हणजे साठ लाखांचं लोखंड, चामडं आणि कष्ट असं समजून कुणी कर्ज काढू नये.

लोक अजून एका गोष्टीसाठी घेतात, नाव. त्याला मी हसत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या दीडशे जणांनी मिळून एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींची खरेदी, देशभर बातमी झाली. त्यात आपल्या शहराकडे लोकांनी बघावं हा हेतू होता. मराठवाड्यातल्या शहराला आपण आहोत हे ओरडून सांगावं लागतं, आणि तेव्हा ते त्यांनी असं सांगितलं. त्याच शहराच्या शेंद्र्यात स्कोडा आणि ऑडी जुळवल्या जात होत्या हेही खरं, म्हणजे ज्या हातांनी त्या गाड्या उभ्या केल्या ते हातही तिथलेच.

पण नावाचा एक प्रसंग माझ्याकडेही आहे. मुंबईत एका नातेवाइकाच्या मुलाचं रिसेप्शन मोठ्या हॉटेलात होतं. आबा पुढच्या सीटवर. पोर्चमध्ये गाडी थांबली, गार्डने सलाम ठोकला आणि दार उघडलं. आबा उतरेनात. मला वाटलं कंबर धरली. मग हळूच म्हणाले, "हितनं आमाला हाकलायचे. पॅसेंजर उतरला की थांबू द्यायचे न्हाईत, पाऊस असला तरी." ते उतरले, गार्डच्या खांद्यावर हात ठेवला, गाव विचारलं. तो लातूरकडचा निघाला. "जेवलास का?" म्हणाले. तो पोरगा गोंधळला, सवय नव्हती त्याला. त्या सलामाचे पैसे मी किमतीत धरत नाही. तोच माणूस, तेच गुडघे, तीच टोपी, फक्त दाराचा आवाज बदलला आणि जगाची वागणूक बदलली, ह्यात आनंद मानावा असं मला त्या रात्रीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

सुरक्षेचं एक बोलतो, कारण पोरांच्या सुरक्षेसाठी मोठी गाडी घेतोय असं बरेच जण मनापासून म्हणतात. एक काळ होता तेव्हा हे बरोबर होतं. मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये १९७८ ला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलं, आपल्याकडे ते सगळ्या गाड्यांना सक्तीचं व्हायला एप्रिल २०१९ उजाडला, एकेचाळीस वर्षं. तेवढ्या वर्षांत श्रीमंताची गाडी ब्रेक मारल्यावर सरळ थांबत होती आणि बाकीच्यांची घसरत होती. पण आता रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेचे पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदा, आणि त्यानंतर चांगला पत्रा, सहा एअरबॅग हे दहा-बारा लाखांत मिळायला लागलं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी अत्यंत मजबूत, महागडी. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले, मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, ते दोघंही गेले. तीन ठिकाणी बांधणारा तो बेल्ट व्होल्वोने १९५९ ला आणला आणि पेटंट सगळ्या जगाला खुलं ठेवलं. तो आज प्रत्येक गाडीत आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात मागे बसणाऱ्याने बेल्ट लावल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही, लग्नाचं वऱ्हाड असलं तरी.

म्हणजे सुरक्षेसाठी नको, नावासाठी नको, पैशाच्या हिशोबात तर बसतच नाही. मग घ्यावी का? मी माझ्यापुरतं घ्यावी असं ठरवलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण सगळ्यांना सांगणार नाही. तुमचं रोजचं जाणं-येणं दहा किलोमीटर असेल, सिग्नल ते सिग्नल, तर त्या गाडीत जे खरं आहे ते तुम्हाला कधी भेटणारच नाही, तुम्ही फक्त हप्ता भराल. लांबचं जाणं असेल, घरात कुणाचं दुखणं असेल, किंवा तुम्ही स्वतःच गाडीवर जीव असणारे असाल तर जरूर घ्या, वापरलेली घ्या, मागचे सगळे बिल बघून घ्या, आणि किमतीच्या एक चतुर्थांश रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. एका टायरच्या बिलाने ज्याच्या महिन्याचं गणित बिघडतं त्याने तो नाद करू नये, कारण मग त्या गाडीत बसून प्रत्येक खड्ड्याला छातीत धस्स होतं, आणि ज्या शांततेसाठी एवढे पैसे मोजले तीच हातची जाते. मला पहिलं वर्षभर तसं झालं होतं. त्या वर्षी मी ती गाडी चालवली असं म्हणता येणार नाही, नुसती सांभाळली.

गेल्या महिन्यात गावाला जाताना खेड शिवापूरच्या आसपास आबा म्हणाले, "मागं डाव्या दाराला बोलतंय काहीतरी." मला काही ऐकू येईना. मी एसी बंद केला, तरी नाही. "बोलतंय," म्हणाले. चार वर्षांत ह्या गाडीबद्दल त्यांनी काढलेली पहिली खोड. त्या खेपेला आबा जाता-येता ताठ बसून राहिले, कान मागे.

रविवारी पार्किंगमध्ये मी त्या दाराचं ट्रिम, म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण, खोललं. आबा खुर्ची टाकून बसले होते, एका हातात टॉर्च. आत सगळं जागच्या जागी, वायर टेपने गुंडाळलेली, फोम नीट. मग खालच्या कोपऱ्यात दिसलं, एका क्लिपचा पाय मोडला होता. पांढरी, नखाएवढी प्लास्टिकची क्लिप, नायलॉनची, असल्या आम्ही लाखांनी पाडतो. ती मोडल्यामुळे ट्रिमची कड पत्र्याला हलकेच टेकत होती आणि ताशी ऐंशीच्या वर गेल्यावर वाजत होती. मी कंपनीतून सॅम्पलच्या डब्यातली चार आणून ठेवली होती, एक बरोबर बसली. कडेला कापडी टेपची एक पट्टी लावली, ट्रिम दाबलं, टक् टक् करत सगळ्या क्लिपा बसल्या. आबांनी उठून स्वतः दार लावलं, उघडलं, परत लावलं, कान काचेला लावून.

परवा पुन्हा गावाला निघालो. खेड शिवापूर गेलं, शिरवळ गेलं, खंबाटकीचा घाट ओलांडला. सुरूर आलं तसा मी सवयीने वेग कमी केला आणि शेजारी बघितलं. आबांचा उजवा पाय सैल पडला होता.

"उभी करू का?"

"नको," डोळे न उघडता म्हणाले, "उंब्रज आलं की उठव."